माळ्यावरची ट्रंक आणि लिलावांतील भाव

गेल्या पितृपक्षांत माझा पुतण्या दोन दिवसांसाठीं घरीं आला होता. दुपारचीं जेवणें आटोपून आम्ही सर्व ओटीवर बसलों असतां त्यानें आपल्या मोबाईलच्या कांचेवर एक चित्र मला दाखविलें आणि विचारलें, "अण्णा, हा एवढा एक कागद कितीला गेला असेल, सांगा पाहूं?" चित्र 'ड्रॅक्युला' ह्या १९३१ सालच्या इंग्रजी बोलपटाच्या जाहिरातीचें होतें. मी आपला मास्तरी अंदाज सांगितला, "हजार-दोन हजार." तो हंसला. २०१७ सालच्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील डॅलस शहरीं हेरिटेज नांवाच्या लिलावगृहांत त्या कागदास ५,२५,८०० डॉलर आले होते. त्या वेळच्या दरानें ही रक्कम सवातीन कोटी रुपयांच्या वर जाते.

ओटीवर कोणी कांहीं बोललें नाहीं. माळ्यावरच्या ट्रंकेची आठवण सर्वांस एकदमच झाली असावी, आणि ती ट्रंक रिकामी करणारा मीच होतों.

वाचकांस ही हकीकत थोडी मागून सांगितली पाहिजे. माझे चुलते बापूकाका तालुक्याच्या गांवीं एका चित्रपटगृहांत हिशेब लिहीत. खेळ बदलला कीं उरलेलीं पोस्टरें ते घरीं आणीत. आजोबांस हें मुळींच मान्य नव्हतें. नित्य वैश्वदेव होणाऱ्या घरांत नटनट्यांचीं चित्रें नकोत, असें ते स्पष्ट म्हणत. बापूकाकांनीं त्यांचा शब्द मोडला नाहीं व आपला नादहि सोडला नाहीं. भिंतीवर एकहि चित्र न लावतां तीं सारीं घड्या घालून त्यांनीं ट्रंकेंत ठेविलीं. १९८४ सालीं ते वारले. पुढें दोन वर्षांनीं दिवाळीपूर्वीं मीं माळा साफ करावयास काढला, आणि ट्रंकेंतील सगळा कागद रद्दीवाल्याच्या तराजूंत घातला. जाड कागद म्हणून त्यानें किलोमागें चार आणे अधिक दिले, ह्याचाहि मला त्या वेळीं आनंद झाला! त्या पैशांचे मुलांसाठीं फटाके आले. काकू स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्या कांहींच बोलल्या नाहींत.

त्या दुपारपासून मला ह्या विषयाचा ध्यास लागला. मुलास व्याकरण शिकवितांना प्रत्यय कां लागतो तें सांगावें लागतें. तसेंच, कागदास एवढें मोल कां येतें, हें समजल्यावांचून मला चैन पडेना.

पहिलें कारण असें कीं हीं पत्रकें विकण्यासाठीं छापलेलींच नव्हतीं. अमेरिकेंत २७ इंच रुंद व ४१ इंच उंच अशा पत्रकास 'वन-शीट' म्हणत. चित्रपटगृहाच्या मालकानें तें लावावयाचें आणि खेळ संपतांच परत करावयाचें किंवा पुढच्या गांवीं धाडावयाचें, अशी रीत असे. १९४० नंतर हा व्यवहार बहुतांशीं नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ह्या एका संस्थेकडे गेला. चार गांवच्या भिंतींवर लागून फाटलेल्या कागदाचें पुढें काय होणार? त्यांतच दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जुना कागद गोळा करण्याची मोहीम निघाली. जें उरलें तें केवळ घुणाक्षरन्यायानें. पेनसिल्व्हानिया प्रांतांत एका घराच्या माळ्यावर ३३ पत्रकें एकावर एक खळीनें चिकटलेलीं सांपडलीं. जाणत्यांनीं वाफ देऊन तीं एकेक सोडविलीं, आणि २०१२ सालच्या मार्चांत डॅलसच्या लिलावांत त्यांचे पांच लाख डॉलरांहून अधिक झाले. तेथेंहि माळाच होता, हें मीं घरांत मुद्दामच कोणास सांगितलें नाहीं.

दुसरें कारण छपाईचें. त्या काळचीं उत्तम पत्रकें दगडी छापाचीं, म्हणजे शिळाप्रेसवर एकेक रंग निराळा चढवून काढलेलीं असत. 'मेट्रोपोलिस' ह्या १९२७ सालच्या जर्मन मूकपटाचें शुल्झ-नॉयडाम ह्या चित्रकारानें काढलेलें पत्रक २००५ सालीं लंडनमध्यें ६,९०,००० डॉलरांस गेलें. त्याच्या प्रती जगांत चारच ठाऊक आहेत.

मात्र मला सर्वांत अधिक चटका लावणारी गोष्ट निराळीच आहे. 'लंडन आफ्टर मिडनाइट' नांवाचा लॉन चेनी ह्या नटाचा १९२७ सालचा मूकपट आज अस्तित्वांत नाहीं. त्याची एकहि प्रत उरली नाहीं. त्याचें पत्रक मात्र उरलें, आणि २०१४ सालीं त्यास ४,७८,००० डॉलर आले. माणूस गेला आणि त्याची सावली भिंतीवर राहिली, तसें हें झालें. आपल्याकडे निराळें काय आहे? हिंदुस्थानांत तेराशेंच्या वर मूकपट निघाले. त्यांतील तीसच्या आसपासच, आणि तेहि पुष्कळदां तुटक अवस्थेंत, आज पाहावयास मिळतात. कोल्हापुरच्या बाबूराव पेंटरांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांचीं पोस्टरें स्वतः रंगविलीं. हा पडदे रंगविणारा कलावंत, त्याच्या हाताला रंगाची जाण उपजतच होती. त्यांच्या 'कल्याण खजिना' ह्या १९२४ सालच्या चित्रपटाचें पोस्टर आपल्या देशांतील शिल्लक पोस्टरांत सर्वांत जुनें समजतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानें २००२ सालीं भारतीय चित्रपटांच्या जाहिरातकलेचें मोठें प्रदर्शन भरविलें. आम्हीं ज्यास रद्दी म्हटलें, त्यास सातासमुद्रापलीकडे कांचेची चौकट मिळाली.

भावांचे आंकडे पाहून कोणीं हुरळून मात्र जाऊं नये. पुतण्या आपल्या बचतींतून अशीं पत्रकें विकत घेण्याच्या विचारांत होता, म्हणून त्याला मीं 'द ममी' ह्या १९३२ सालच्या चित्रपटाचें उदाहरण दाखविलें. त्याच्या पत्रकास न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावगृहांत १९९७ सालीं ४,५३,५०० डॉलर मिळाले, आणि पुष्कळ वर्षें तोच उच्चांक होता. २०१८ सालीं त्याच चित्रपटाचें पत्रक दहा ते पंधरा लाखांच्या अपेक्षेनें लिलावांत आलें, आणि त्याला गिऱ्हाईकच मिळालें नाहीं. शिवाय छापून येणाऱ्या आंकड्यांत बहुधा लिलावगृहाची दलाली मिळविलेली असते. हातोडा पडतो तो भाव निराळा, घेणाऱ्याच्या खिशांतून जातें तें निराळें, आणि विकणाऱ्याच्या हातीं पडतें तें आणखी निराळें. जुन्या पत्रकांची नवी छपाई करून ती अस्सल म्हणून खपविणारेहि कमी नाहींत. कागदाचा पोत, शाईचे ठिपके, घडीची रेघ हें सर्व भिंगाखालीं पाहावें लागतें. घडी असणें हा दोष नव्हे. त्या काळीं पत्रकें घडी घालूनच पाठवीत. उलट जुन्या म्हणविणाऱ्या पत्रकास घडीची खूणच नसेल, तर मन साशंक व्हावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं काकूंनीं मला आंत बोलाविलें. त्या आज नव्वदीच्या घरांत आहेत. नऊवारी पातळांच्या कपाटांतील खालच्या फळीवरून त्यांनीं एक घडी काढून माझ्यापुढें ठेविली. "भाऊ, तू माळा काढलास ना, त्याच्या आदल्या रात्रीं मीं हें एक काढून घेतलें होतें."

उलगडून पाहिलें. प्रभातचें पोस्टर होतें. कोपऱ्यांत तुतारी फुंकणारी ती स्त्री स्पष्ट दिसत होती, परंतु वरचा भाग फाटलेला, त्यामुळें चित्रपटाचें नांव गेलेलें. एका घडीवर कोणीं तरी चिकटपट्टी लावली होती, ती पिवळी पडून कागदांत मुरली होती.

मीं विचारलें, "काकू, तेव्हां बोललां कां नाहींत? मीं एकहि कागद दिला नसता."

"तुझ्या हातीं घर होतें रे. मी काय बोलायची? आणि कशासाठीं, हें मला तरी कुठें सांगतां आलें असतें!"

पुतण्यानें तेवढ्यांत छायाचित्र घेतलें. लिलावास पाठवावें, असें त्याच्या ओठांवर आलेलें मला दिसलें. मीं त्यास पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचें नांव सांगितलें. १९६४ सालीं निघालेल्या त्या संस्थेंत पोस्टरांचाहि संग्रह आहे, आणि तेथील जाणत्यांस उरलेल्या अर्ध्या चित्रावरूनहि चित्रपट ओळखतां येईल. दोघांचें बराच वेळ चाललें. मूल्य कीं मोल, असा तो वाद होता, आणि खरें सांगावयाचें तर त्याच्या म्हणण्यांतहि तथ्य होतें. घराचें छप्पर गळतें आहे. ज्या घरानें एकदां चूक केली त्यानें दुसऱ्यास दानधर्म शिकवूं नये, असेंहि तो हंसत हंसत म्हणाला. तें मला लागलें.

शेवटीं काकूच म्हणाल्या, "विकायचें कीं द्यायचें, तें मागून ठरवा. आधीं ह्याचें नांव काय तें शोधा. मामंजींनीं त्या वेळीं मला जाऊं दिलें नाहीं. ह्यांनीं मात्र रात्रीं समईपाशीं हें उलगडून सगळी गोष्ट सांगितली होती. आतां गोष्टहि नीट आठवत नाहीं मला."

पुतण्यानें रजा दोन दिवस वाढविली. चिकटपट्टीला हात लावावयाचा नाहीं, असें मीं त्याला बजावलें. ती घरीं सोडवूं गेल्यास रंगच निघून येतो. दोन मोठ्या पुठ्ठ्यांमध्यें स्वच्छ कागद घालून त्यांत पोस्टर सपाट ठेविलें आहे, आणि तें घेऊन तो परवां पुण्यास गेला. नांव कळलें तर चित्रपट मिळवून घरींच दाखवितों, असें तो काकूंस सांगून गेला आहे.