मालवणचे बंदर

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ हे माझे गाव. आमच्या जिल्ह्यातून वाहणारी गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ, पश्चिम समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरांवर उगम पावते. परंतु त्या समुद्राकडे पाठ फिरवून ती पूर्वेस निघते आणि १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. आमच्या अंगणात पडलेल्या पावसाच्या पाण्यालादेखील अरबी समुद्राचे दर्शन घडत नाही. मग आम्हा माणसांची काय कथा! म्हणूनच २००५ सालच्या डिसेंबरात शाळेतील मुलांना घेऊन मी मालवणला जावयास निघालो, तेव्हा त्या मुलांइतकाच मीही उत्सुक होतो. पाचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून, फोंडा घाट उतरून, आमची गाडी नारळी-पोफळींच्या प्रदेशात शिरली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बंदरावर येऊन उभे राहिलो.

समुद्र म्हणजे खवळलेल्या लाटा, अशी मुलांची कल्पना होती. समोर पाहतात तो पाणी तलावासारखे शांत! पन्नासएक होड्या त्यावर संथपणे डुलत होत्या. “गुरुजी, हा समुद्र झोपला आहे काय?” असे एकाने विचारले. त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दूर क्षितिजाकडे तोच समुद्र उसळत होता. मग किनाऱ्याजवळ तो एवढा शांत का?

याचे उत्तर समोरच उभे होते. मालवणच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर कुरटे नावाचे खडकाळ बेट आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्या बेटावर किल्ला बांधावयास प्रारंभ केला आणि १६६७ साली तो पुरा झाला. हाच सिंधुदुर्ग. त्याच्या जवळच पद्मगडाचे लहानसे बेट आहे, आणि आजूबाजूस पाण्यात बुडालेल्या व अर्धवट वर आलेल्या खडकांच्या रांगा आहेत. भर समुद्रातून धावत येणारी लाट या खडकांवर आदळली, की तिचे बळ तेथेच फुटते. जे पाणी बेटाला वळसा घालून आत येते, ते पसरत जाऊन दुबळे होते. म्हणून बेटाच्या अलीकडचे पाणी सौम्य राहते. दारापुढे भिंत उभारली म्हणजे अंगणात वारा येत नाही, तसाच हा प्रकार. अशा आडोशाच्या पाण्यात होडीने नांगर टाकला, की ती निर्धास्त राहते. जे खडक बंदराला आडोसा देतात, तेच अनोळखी गलबताचा तळही फोडतात. त्यांच्यामधील वाटा येथील दर्यावर्दी लोकांनाच ठाऊक असत. किल्ल्यासाठी ही जागा निवडण्यात केवढी दूरदृष्टी होती, हे त्यावरून कळते.

या आडोशाच्या पाण्यावर दिवसभर अनेकांचा राबता असतो. पहाटे अंधार सरण्यापूर्वी रात्री गेलेल्या नौका परत येऊ लागतात. टोपल्या उतरतात, बांगडे, सुरमई, तारल्या यांचे ढीग पडतात, लिलावाची बोली चढते आणि मासळी विकणाऱ्या बायका टोपल्या उचलून लगबगीने बाजाराकडे जातात. दिवस वर आला, की दुसरी वर्दळ सुरू होते. परगावचे प्रवासी धक्क्यावर जमतात. त्यांना घेऊन होड्या सिंधुदुर्गाकडे निघतात. कोणी तेथील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहून चकित होतात. चोहोकडे खारे पाणी असून आत गोडे पाणी लागावे, हे नवल खरेच. कोणी पाण्याखाली बुडी मारून रंगीत मासे व प्रवाळ पाहतात. येथील सागरी जीवन मोलाचे असल्यामुळे १९८७ साली शासनाने मालवणला सागरी अभयारण्य जाहीर केले. पुढे १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि पाहुण्यांची संख्या वाढत गेली.

या साऱ्या व्यवहारावर एका घड्याळाची सत्ता चालते. ते घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी. सुमारे सव्वासहा तास पाणी चढते आणि तेवढाच वेळ उतरते. भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे जाते. अमावास्या व पौर्णिमा या सुमारास पाणी फार चढते व फार उतरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार कमी असतो. त्यास भांग म्हणतात. होडी केव्हा लोटावी, जाळे केव्हा टाकावे, खडकांतून केव्हा वाट मिळेल, हे सारे मच्छीमार तिथी पाहून सांगतो. आपला शेतकरी नक्षत्रे मोजतो, तसा हा तिथी मोजतो.

आता ज्या प्रसंगामुळे मी हा पाठ लिहावयास बसलो, तो सांगतो.

त्याच दिवशी, उन्हे चढल्यावर, आम्ही दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. वाळूत वीस-पंचवीस माणसे एका लांब दोरास धरून मागे रेलत होती. काही अंतरावर तेवढीच माणसे दुसरा दोर ओढीत होती. ही रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे प्रचंड जाळे. एका टोकाचा दोर किनाऱ्यावरील माणसांच्या हाती देऊन होडी पाण्यात जाते, अर्धवर्तुळाकार फिरत जाळे सोडीत जाते आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन काही अंतरावर किनाऱ्यास लागते. मग दोन्ही बाजूंनी ओढ सुरू होते. दोन्ही टोके हळूहळू जवळ येतात आणि मधला मासा जाळ्यासह वाळूवर येतो. या कामास कित्येक तास लागतात. जाळे बंद होईपर्यंत किनाऱ्याकडची बाजू उघडीच असते. तेथे खळबळ झाली, तर मासा बिथरून निसटतो.

आम्हाला यातले काहीच ठाऊक नव्हते. समुद्रात पाय बुडविण्यास आतुर झालेली आमची मुले आरडाओरडा करीत धावली. दोघांनी ताणलेल्या दोरावरून उड्या मारल्या, आणि आठ-दहाजण नेमके त्या अर्धवर्तुळात शिरून पाणी उडवू लागले. ओढणारी माणसे थबकली. मी मुलांना हाका मारून बाहेर काढले खरे; परंतु तोपर्यंत व्हावयाचे ते झाले होते. पाण्यावर मघाशी दिसणारी माशांची चमचम उघड्या बाजूने दूर गेली होती.

मी दोराजवळ गेलो आणि तेथील वृद्ध तांडेलाची क्षमा मागितली. दोष मुलांचा नव्हता, माझा होता. परक्याच्या शेतात मुलांना घेऊन शिरताना मी बांधावर थांबून विचारले असते. मग येथे का विचारले नाही? पाण्यावर नांगराची रेघ दिसत नाही, म्हणून ते कोणाचे शेत नाही असे मी समजलो होतो. त्या पन्नास माणसांच्या घरची त्या दिवसाची चूल त्या जाळ्यावर अवलंबून होती.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी मुलांकडे पाहिले आणि दोराकडे बोट दाखविले. मुलांनी ते ओळखले. धाकट्यांना मागे ठेवून मोठी मुले दोन्ही दोरांना लागली. वाळूत टाचा रोवून, पुढच्या माणसाच्या चालीवर चाल ठेवून, ती तासभर ओढीत राहिली. तळहात लाल झाले. पण कोणी दोर सोडला नाही. शेवटी जाळे वाळूवर आले. मासळी थोडीच होती. तिचे वाटे पडले, आणि एक लहानसा वाटा आजोबांनी आमच्यापुढे ठेवला. आमच्यामुळेच नुकसान झालेले. तो वाटा आम्ही कसा घ्यावा? मी नको म्हणालो. तेव्हा ते मालवणीत म्हणाले, “गुरुजी, जेंनी दोरी ओढली, तेंनी वाटो घेवकच व्हयो.” ज्यांनी दोर ओढला, त्यांनी वाटा घेतलाच पाहिजे, असा त्यांचा न्याय होता. आम्ही उतरलो होतो त्या घरी तो वाटा दिला. रात्री जेवताना मुले एरवीसारखी गोंगाट करीत नव्हती.

मुलांनो, आमच्या गावाकडे पूर्वी नदीवर पाणवठा असे. वरच्या अंगाला पिण्याचे पाणी भरावयाचे, त्याच्या खाली धुणी धुवावयाची आणि सर्वांत खाली गुरे पाण्यावर न्यावयाची, असा दंडक होता. तो कोठे लिहिलेला नव्हता. तरी मोडणाऱ्यास गाव बोल लावी. पाणी एकच, पण क्रम पाळल्यामुळे ते सर्वांना पुरे. मालवणचे बंदर हाही एक मोठा पाणवठाच आहे. तेथे जाळी ओढणारा, किल्ल्याला प्रवासी नेणारा, बुडी मारणारा आणि नुसता वाळूत बसून सूर्यास्त पाहणारा, या सर्वांना जागा आहे. अडचण येते ती एकाने दुसऱ्याचे काम न ओळखल्यामुळे.

पाहुणे आणि मच्छीमार हे एकमेकांचे शत्रू नव्हेत. परवाच्या हिवाळ्यात, निवृत्तीनंतर, मी पुन्हा मालवणला गेलो. गर्दी पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली होती. पाण्यावर वेगाने धावणाऱ्या यांत्रिक खेळनौका होत्या. पॅराशूटला बांधून घेऊन आकाशात झेपावणारे हौशी लोक होते. मच्छीमारांच्या कित्येक घरांत पाहुण्यांच्या निवास-न्याहारीची सोय झाली होती. मासळी न मिळालेल्या दिवशी त्या उत्पन्नाने घर चालते, असे एका गृहिणीने मला सांगितले. तिचा थोरला मुलगा प्रवासी होडी चालवितो, धाकटा पहाटे जाळ्यावर जातो. परंतु वेगवान नौकेचा पंखा जाळ्यावरून गेला, तर जाळे क्षणात फाटते आणि ते विणून सांधण्यात कित्येक दिवस जातात, हेही तिनेच सांगितले. एकाच घरातील दोन भावांचे हे दोन धंदे. ते दोन्ही टिकावयाचे, तर पाण्यावरही पाणवठ्याचा दंडक हवा.

पावसाळा आला, की या सर्वांना सारखीच सक्तीची विश्रांती मिळते. नैर्ऋत्येचा वारा सुटला, म्हणजे खडकांचा आडोसाही अपुरा पडतो. जून व जुलै हे महिने यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या प्रजननाचा हा काळ असल्यामुळे ती हितकारकच आहे. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही बंद होतात. होड्या वाळूवर ओढून माडाच्या झापांनी झाकल्या जातात, जाळी दुरुस्त होतात. पुढे श्रावणात नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करून सर्वजण नव्या हंगामाची वाट पाहू लागतात.

सिंधुदुर्गाचे महत्त्व आता जगानेही मानले आहे. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश झाला. त्यांत सिंधुदुर्ग आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण केव्हा ना केव्हा तेथे जातील. जाल तेव्हा किल्ला अवश्य पाहा. पण किनाऱ्यावरील माणसेही पाहा. पाण्यात उतरण्यापूर्वी कोणास तरी विचारा. ताणलेला दोर ओलांडू नका. वाळत घातलेल्या जाळ्यावर पाय देऊ नका. खाऊचे कागद व पिशव्या वाळूत टाकू नका. भरती त्या उचलून नेते आणि दुसऱ्या दिवशी त्या माशांऐवजी जाळ्यात येतात. आणि रापण ओढली जात असेल, तर तांडेलाची परवानगी घेऊन दोराला हात लावा.

वाटा मिळेल अथवा न मिळेल. पण ते पाणी थोडे तुमचेही झाले, असे त्या दिवशी तुम्हाला वाटल्यावाचून राहणार नाही.