ब्लॉबला मराठीत काय म्हणायचं?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा आपल्या भागाचा लेखी अवतार. बोलताना मी दर दोन वाक्यांनी घातलेलं 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढून टाकलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं.

आजचा प्रश्न एका व्हॉइस नोटमधून आला. कॉम्प्युटर शिकणाऱ्या एका मित्राने विचारलं, "दादा, डेटाबेसमध्ये ब्लॉब असतो ना, त्या ब्लॉबला मराठीत काय म्हणायचं?"

डिक्शनरी ॲपमध्ये शोधलंत तर बहुतेक 'गोळा' मिळेल. चूक नाही, पण काम अर्धवटच होतं. कारण गोळा म्हटलं की आपल्याला काहीतरी गोल दिसतं. कणकेचा गोळा, लोण्याचा गोळा. कुणीतरी तो हाताने वळलेला असतो. ब्लॉबला मात्र कुणी वळलेलं नसतं. सॉसची बाटली जोरात दाबली आणि प्लेटमध्ये जे पचकन पडलं, तो ब्लॉब. ब्रशवरून कागदावर पडलेला रंग, टूथपेस्टचा जास्तीचा पिळलेला भाग, हेही ब्लॉबच. शब्द जोरात म्हणून बघा: ब्लॉब. ओठ दोनदा मिटतात आणि पाण्यातून बुडबुडा वर आल्यासारखा आवाज येतो. या शब्दाचा जुना अर्थ बुडबुडा असाच होता.

इंग्रजीत याचे भाऊबंद आहेत. 'लम्प' हा जरा घट्ट असतो. 'क्लॉड' म्हणजे मातीचं. ब्लॉब मात्र मऊ, ओलसर, पसरणारा. आणि त्याचा आणखी एक वापर आहे, जो मला सगळ्यात भारी वाटतो. माझा चष्मा काढला की समोरचा माणूस ब्लॉब होतो. धुक्यात लांबून येणारी एसटी आधी ब्लॉब असते, मग एसटी. म्हणजे वस्तूला आकार असतोच, तो बघणाऱ्याला दिसत नसतो.

(क्रिकेटवाल्यांसाठी: इंग्लंडमध्ये बोलीभाषेत शून्यावर आउट होण्यालाही ब्लॉब म्हणतात. आपला भोपळाच.)

आता डेटाबेसकडे. १९५८ साली 'द ब्लॉब' नावाचा अमेरिकन सिनेमा आला होता. अंतराळातून जेलीसारखं काहीतरी येतं, माणसं गिळतं आणि गिळता गिळता फुगत जातं. पुढे डेक कंपनीत काम करणाऱ्या जिम स्टार्की या इंजिनिअरने डेटाबेसमध्ये वाट्टेल ते आणि वाट्टेल तेवढं ठेवता येईल असा एक प्रकार बनवला आणि त्याला या सिनेमावरून ब्लॉब नाव दिलं. स्टार्कीच्या सांगण्यानुसार त्याचा फुल फॉर्म वगैरे काही नव्हता. कॉलेजात आपण पाठ करतो तो 'बायनरी लार्ज ऑब्जेक्ट' नंतर लोकांनी चिकटवलेला आहे. परीक्षेत मात्र तोच लिहा, मार्क घालवू नका.

मायएसक्यूएलमध्ये साध्या ब्लॉबमध्ये ६५,५३५ बाइट मावतात, लाँगब्लॉबमध्ये जवळपास ४ जीबी. पण साइजपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही त्यात फोटो टाका, गाणं टाका, पीडीएफ टाका, डेटाबेस आत डोकावत नाही. फोटोला आत छान रचना असते, गाण्यालाही असते. डेटाबेसला त्याच्याशी घेणंदेणं नसतं. माझा चष्मा काढल्यावर जे होतं तेच इथे.

ब्लॉबफिश नावाचा मासा आठवतोय? २०१३ मध्ये एका ऑनलाइन मतदानात जगातला सगळ्यात कुरूप प्राणी ठरलेला, गुलाबी, ओघळलेल्या चेहऱ्याचा. तो राहतो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या समुद्रात, साधारण ६०० ते १२०० मीटर खोल. तिथल्या पाण्याच्या दाबात तो बराचसा साध्या माशासारखाच दिसतो. आपण त्याला वर ओढून काढतो, त्याचा लोळागोळा होतो, आणि मग त्यालाच कुरूप म्हणतो. बिचारा.

लोळागोळा! बघा, हा शब्द कसा आपोआप आला. मराठीत बिनआकाराच्या गोष्टींना शब्द नाहीत असं नाही, उलट ढिगाने आहेत. फक्त मराठी आधी विचारते, कशाचा? निफाडकडे कांद्याच्या रानात नांगरट झाली की वर येतात ती ढेकळं. पिठलं नीट हलवलं नाही की होतात त्या गुठळ्या. कापसाचा बोळा, केसांचा पुंजका, भिजलेल्या कागदाचा लगदा, शेणाचा पो. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. पिठल्यात ढेकळं झाली असं आजीला सांगून बघा. (आणि ढेकूळ म्हणजे ढेकूण नव्हे. शहरी मित्रांनी हा गोंधळ माझ्यासमोर केलेला आहे.)

इथपर्यंत गंमत होती. पण मशीनला ही 'कशाचा?'ची सवय नसते. आरोग्याच्या माहितीची मशीनने केलेली मराठी भाषांतरं मी वाचलीत, त्यात 'स्तनात ढेकूळ जाणवल्यास' असं वाक्य होतं. इंग्रजीत 'लम्प', डिक्शनरीत लम्पला ढेकूळ, विषय संपला. आता विचार करा, एखादी मावशी मोबाईलवर हे वाचतेय. तिला हाताला काहीतरी लागलंय. त्याला ती गाठ म्हणते, तिची आई गाठ म्हणायची, सिव्हिलमधली नर्सही गाठच म्हणेल. ढेकूळ वाचून तिला वाटणार, हे आपल्याबद्दल नाहीच. ती पुढे स्क्रोल करणार. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण त्या डॉक्टरला दाखवायलाच हव्यात, आणि नेमकी तीच सूचना तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

तसंच रक्ताचं. शिरेत रक्त गोठलं तर ती गुठळी. तिथे गाठ लिहिलंत तर वाचणारा वेगळंच काही समजेल. आणि 'पोटात गोळा आला' हे वाक्य मशीनला दिलं तर ते ट्यूमर समजेल की भीती, सांगता येत नाही. आपल्याला मात्र माहितीये, रिझल्टच्या दिवशी काय आलं होतं ते.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. डेटाबेसमधला ब्लॉब ब्लॉबच राहू दे. तिथे आत काय आहे हे न सांगणं हेच त्या शब्दाचं काम आहे, आणि आपला कुठलाही शब्द ते गुपित ठेवत नाही. बाकी कुठेही ब्लॉब किंवा लम्प दिसला, तर ती वस्तू कशाची आहे ते बघ आणि तिचा शब्द वापर. तुझ्या ॲपमध्ये आरोग्याची माहिती असेल तर ते मराठी घरातल्या एखाद्या काकूंना आधी वाचायला दे, मगच रिलीज कर.

बागलाण, मालेगावकडची अहिराणी बोलणारी मंडळी, ढेकूळ आणि गुठळीला तुमच्या घरात काय म्हणतात? व्हॉइस नोट पाठवा, लिहून नको. उच्चार ऐकायचाय.