संस्थेचं नाव, पहिली नोकरी आणि बीडचा पदवीधर

पदवीनंतर काय? : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण एमबीएची सीईटी आणि कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) प्रवेशफेऱ्या समजून घेतल्या. पसंतीक्रम भरायला बसलं की पुढचा प्रश्न येतोच : संस्थेच्या नावाने खरंच फरक पडतो का? पडतो. पण अंबाजोगाई, माजलगाव किंवा आष्टीत बी.कॉम. झालेल्या मुलामुलींना पडणारा फरक मुंबई-पुण्यातल्या मुलांपेक्षा वेगळा आहे. तो नीट कळला तर घरचा पैसा आणि उमेदीची दोन वर्षं वाचतात.

फ्रेशरच्या जागांसाठी कंपनीकडे ढीगभर अर्ज येतात. तेवीस वर्षांच्या उमेदवाराजवळ दाखवण्यासारखं काम फारसं नसतं, म्हणून कंपनी त्याच्या कुवतीची खूण शोधते. अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली हेच मांडलं : मिळवायला अवघड असलेली पदवी नोकरी देणाऱ्याला संकेत देते. या क्षेत्रातल्या कामासाठी २००१ सालचा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना विभागून मिळाला. अवघड सीईटी पार करून मिळालेली जागा हा असाच संकेत असतो. शॉर्टलिस्ट लागते ती त्याच्या जोरावर. मुलाखतीत मात्र स्वतःलाच बोलावं लागतं.

दुसरं कारण कॅम्पसचं. कंपन्या भरतीसाठी मोजक्याच संस्थांत जातात. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळी इंटर्नशिपमध्ये काम आवडलं तर तिथेच नोकरी देऊ करतात. मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलच्या सहकार्याने सुरू झाली. उदय कोटक, अजय पिरामल यांच्यासारखे उद्योजक तिथले माजी विद्यार्थी. अशा संस्थेत शिकणाऱ्याला कंपन्यांची दारं कुठे आहेत हे आपोआप कळतं. बीड जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, जिनिंग आहे, परळीचं औष्णिक वीज केंद्र आहे, बँका-पतसंस्था आहेत. पण मोठ्या कंपन्यांची मुख्य कार्यालयं नाहीत. त्यामुळे इथल्या हुशार मुलाला इंटर्नशिपसाठी ओळख सांगणारं माणूस घरात किंवा गल्लीत सहसा सापडत नाही.

संशोधन इथेच कामी येतं. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ साली अमेरिकेतल्या पदवी महाविद्यालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेवढ्याच तोलाच्या विद्यार्थ्यांची तुलना केल्यावर नामवंत महाविद्यालयामुळे सरासरी कमाईत फारसा फरक दिसला नाही. गरीब घरांतल्या मुलांना मात्र फायदा झालेला दिसला. सेथ झिमरमन यांचा चिलीतला अभ्यास (२०१९) दुसरी बाजू दाखवतो. तिथल्या नामवंत व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांत प्रवेश मिळाल्याने कंपन्यांतल्या सर्वोच्च पदांची शक्यता वाढली, पण ती महागड्या खासगी शाळांतून आलेल्या मुलग्यांचीच. मुलींना आणि इतर शाळांतल्या मुलांना तो लाभ झाला नाही. देश वेगळे, अभ्यासक्रम वेगळे, तरी दोन्ही एकत्र वाचले तर मला असं वाटतं : ज्याच्यामागे ओळखी नाहीत त्याला संस्थेचं नाव चांगल्या कमाईच्या वाटेवर नेऊ शकतं, पण वरच्या खुर्च्यांपर्यंतच्या ओळखी त्याला तिथे शिकताना जाणीवपूर्वक जोडाव्या लागतात.

म्हणून बीडच्या विद्यार्थ्याने नाव आणि शुल्क दोन्ही एकत्र तोलावं. जमनालाल बजाज, शासनाची मुंबईतली सिडनहॅम व्यवस्थापन संस्था, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग यांना नाव आहे आणि त्यांचं शुल्क नामवंत खासगी संस्थांच्या मानाने कमी आहे. पसंतीक्रमात त्यांना वर ठेवा. कॅपमधून प्रवेश घेतला तर राज्याच्या शुल्क सवलतीही मिळतात. ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही सवलत लागू नाही.

कर्जाचंही नावाशी नातं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, पण ते मानांकनात वर असलेल्या ठरावीक संस्थांसाठीच. तेव्हा संस्था त्या यादीत आहे का ते आधी पाहा.

माहितीपत्रकातल्या सरासरी पॅकेजवर विसंबू नका. समजा, पाच जणांना ४, ४, ५, ५ आणि ३२ लाख मिळाले. सरासरी १० लाख भरते, पण मधल्या विद्यार्थ्याचं पॅकेज ५ लाखच. म्हणून मध्यक विचारा, किती जणांनी नोकरी मागितली आणि किती जणांना मिळाली ते विचारा, काम नेमकं कसलं तेही विचारा. १० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,२०० रुपये येतो. शिकतानाचं व्याज वेगळं. हातात ३० हजार येणाऱ्या मुलाला पुण्यात खोली आणि मेस भागवून हा हप्ता पेलत नाही, आणि त्याचा भार शेवटी बापाच्या शेतावर येतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. नाव असलेली, परवडणारी जागा मिळत असेल तर जिल्हा सोडा, जिवाचं रान करा. नाव नसलेल्या संस्थेला दहा लाख मोजू नका. त्यापेक्षा दोन वर्षं नोकरी करून अनुभव घ्या आणि पुन्हा सीईटी द्या. दोन वर्षांचं चोख काम हीसुद्धा कंपनीला ओळखता येणारी खूण आहे.

पुढील लेखांकात : शैक्षणिक कर्जाचा अर्ज, कागदपत्रं आणि बँकेला विचारायचे प्रश्न.