रोहिणीचा तंटा आणि राष्ट्राराष्ट्रांतील हिंसेचे नियमन

राज्ये स्वहित व बळ यांवरच चालतात, त्यांच्या परस्परव्यवहारात नीतीला स्थान नाही, हा विचार आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात दीर्घकाळ प्रभावी राहिला. अँड्र्यू लिंकलेटर या अभ्यासकाने मात्र २०११ च्या ग्रंथात, परस्परांना होणारी इजा आवरण्यासाठी समाज कोणते नियम घडवितात, हा प्रश्न केंद्रस्थानी आणला. बौद्ध वाचकास तो अपरिचित नाही.

पालि अट्ठकथांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेल्या तंट्याची कथा आहे. तेथे तथागत स्वतः मध्यस्थी करून युद्ध टाळतात. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हा तंटा बोधीपूर्वीचा मानला व त्यातच गृहत्यागाचे कारण पाहिले.

येथे सिद्धार्थ केवळ शांतीचा उपदेश करीत नाही. प्रथम दोष कोणाचा याची चौकशी व्हावी, दोन्ही पक्षांनी दोन-दोन प्रतिनिधी निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा व या पाचांनी निवाडा करावा, असे तो सुचवितो. याच ग्रंथात बाबासाहेब मारण्याची इच्छा व मारण्याची आवश्यकता यांत भेद करतात. चौकशीवाचून हा भेद ठरणार कसा? सूचनेचे मर्म येथे आहे.

संघाने बहुमताने ती फेटाळली. सिद्धार्थाच्या कुटुंबावर बहिष्कार घालण्याची व जमीन जप्त करण्याची धमकी दिली गेली. बहिष्काराची इजा आपल्या समाजास सांगावयास नको. ती कुटुंबावर येऊ नये म्हणून सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली.

पुढे उभय पक्षांत समेट होऊन कायम लवादाची योजना झाली. तथापि सिद्धार्थ परतला नाही. युद्ध हा व्यापक संघर्षाचा एक अंशच असून वर्गावर्गांतील, घराघरांतील संघर्ष अखंड चालू आहे, हे त्याला उमगले होते.

जायकवाडीच्या पाण्याकडे डोळे लावणाऱ्या मराठवाड्यास हा प्रश्न दूरचा नाही. १९६० चा सिंधू जलकरार १९६५ व १९७१ च्या युद्धांतूनही टिकला. २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित केला. नियम आवश्यकच होत. परंतु वैराचे मूळ कायम असेल तर केवळ नियम पुरत नाहीत. लवाद आणि चित्तशुद्धी, दोन्ही हवीत, हा रोहिणीकाठचा बोध होय.