घरातील जुन्या चित्रफितींना उजाळा

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान होय. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर येथे असल्यामुळे रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून, तसेच शेजारच्या राज्यांतूनही भाविकांची रीघ लागते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. समाजाचा इतिहास व संस्कृती यांचे दर्शन आता तेथे एकत्रितपणे घडते.

परंतु या वारशाचा काही भाग कोणत्याही संग्रहालयात नाही. तो घराघरांतील पेट्यांत व कपाटांत पडून आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लग्नकार्ये, यात्रा आणि सणसमारंभ यांचे चित्रण व्हिडिओ कॅसेटवर करून घेण्याची प्रथा खेड्यापाड्यांतही रुजली. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. तिची गाणी मुखानेच पुढच्या पिढीकडे जात आली आहेत. होळीची लेंगी गाणारी आजी आज हयात नसेल, तर तिचा आवाज व चेहरा कदाचित अशा एखाद्या कॅसेटवरच उरला असेल. ही चित्रणे आज पाहू गेल्यास अंधूक, थरथरती आणि रंग उतरलेली दिसतात. ती सुधारता येतात काय, व कितपत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चित्र अंधूक का दिसते?

व्हीएचएस पद्धतीची कॅसेट १९७६ साली जपानमध्ये प्रथम विक्रीस आली. आपल्याकडील पाल पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा असतात व त्यांपैकी ५७६ रेषांवर प्रत्यक्ष चित्र असते. मात्र व्हीएचएस फितीवर प्रत्येक आडव्या रेषेत जेमतेम २४० रेषांइतका तपशील मावतो आणि रंगाचा तपशील तर त्याहूनही पुष्कळ कमी असतो. म्हणूनच गडद लाल रंग वस्तूच्या कडेबाहेर पसरलेला दिसतो. बंजारा स्त्रियांच्या फेटिया-कांचळीतील लाल रंगाच्या बाबतीत हा दोष विशेष जाणवतो.

दुसरे कारण असे की, सेकंदाला २५ चित्रे दाखविताना प्रत्येक चित्र दोन अर्धचित्रांत विभागलेले असते. एकात विषम रेषा, तर दुसऱ्यात सम रेषा. ही दोन अर्धचित्रे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली असतात. जुन्या दूरचित्रवाणी संचावर हे उघड होत नसे. संगणकाच्या पडद्यावर ती एकत्र येताच नाचणाऱ्या व्यक्तीच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसू लागतात.

पुढे लग्नाचे चित्रण व्हीसीडीवर देण्याची पद्धत आली. तीत चित्र अवघ्या ३५२ गुणिले २८८, म्हणजे १,०१,३७६ बिंदूंचे असते. त्याच लग्नाची मूळ कॅसेट घरी असल्यास तबकडीऐवजी कॅसेटच हाताशी धरावी. कॅसेटवरून कॅसेट अशी प्रत काढली असेल, तर प्रत्येक प्रतीगणिक चित्र खालावलेले असते. सबब सर्वांत आधीची फीत शोधणे, ही सुधारणेची पहिली पायरी होय.

आधी बचाव, मग सुधारणा

चुंबकीय फीत कायम टिकत नाही. दमट हवेत तिला बुरशी लागते व तिच्यावरील लेप सुटू लागतो. फीत चालविणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. व्हीसीआर बनविणाऱ्या अखेरच्या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबविले. तेव्हा चालू यंत्र उपलब्ध आहे तोवरच फितीची अंकीय प्रत करून घेणे श्रेयस्कर.

कॅसेटच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसत असेल, तर ती यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राला लागते व तेथून इतर फितींवर जाते. अशी फीत आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. दूरचित्रवाणीसमोर मोबाइल धरून चित्रण करणे हा सोपा मार्ग दिसत असला, तरी त्यात उरलासुरला तपशीलही जातो. व्हीसीआर तारेने संगणकाला जोडून, ७२० गुणिले ५७६ बिंदूंच्या आकारात प्रत घ्यावी. चित्र आडवे थरथरत असल्यास टाइम बेस करेक्टर हे उपकरण मध्ये जोडल्याने ते स्थिरावते. डीव्ही पद्धतीने साठविल्यास एका तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. जागा वाचविण्यासाठी या टप्प्यावर चित्रण अधिक आवळू नये.

सुधारणेचा क्रम

यापुढील काम व्हर्च्युअलडब, हँडब्रेक, एफएफएमपेग यांसारख्या विनामूल्य संगणक प्रणालींवर करता येते. त्याचा क्रम मात्र सांभाळावा लागतो. प्रथम दोन अर्धचित्रांची नीट सांधणी करावी. प्रणालीत या क्रियेस ‘डीइंटरलेस’ असे नाव असते. त्यानंतर चित्रातील मुंग्या कमी कराव्यात. मागच्यापुढच्या चित्रांशी तुलना करून, क्षणभरच चमकणारे ठिपके संगणक वगळतो. हे प्रमाणाबाहेर केल्यास चेहरे मेणाच्या बाहुलीसारखे गुळगुळीत होतात. मग रंग व उजेड यांचा तोल साधावा, अखेरीस चित्र मोठे करावे आणि कडा किंचित धारदार कराव्यात. मूळ चित्र चारास तीन या प्रमाणाचे असते. रुंद पडदा भरण्यासाठी ते ताणल्यास माणसे बुटकी व रुंद दिसतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेची मर्यादा

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने चित्र लख्ख करणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. त्यांचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे. व्हीसीडीवरील चित्र १४४० गुणिले १०८० आकारात नेल्यास सुमारे साडेपंधरा लाख बिंदू लागतात. म्हणजे दर पंधरा बिंदूंपैकी चौदा बिंदू यंत्राला अनुमानाने भरावे लागतात. हे अनुमान यंत्र असंख्य इतर चित्रांच्या अभ्यासावरून करते. परिणामी आजीचा अंधूक चेहरा स्पष्ट होतो खरा, पण ते डोळे व ते दात तिचेच असतील अशी खात्री देता येत नाही. कांचळीवरील आरशांची नक्षीही यंत्र आपल्या मनाने रचू शकते.

चित्रपटाचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. १९७६ चा ‘मंथन’ हा चित्रपट नव्या रूपात २०२४ च्या कान महोत्सवात दाखविला गेला, तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेल्या मूळ निगेटिव्हच्या आधारे. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये तपशील मुळातच भरपूर असतो, म्हणून तो बाहेर काढता येतो. घरगुती कॅसेटवर तो उमटलेलाच नसतो. म्हणून कुटुंबाच्या आनंदासाठी लख्ख प्रत अवश्य करावी, परंतु तीवर तसा स्पष्ट उल्लेख असावा. पोशाख, विधी वा गाणे यांचा पुरावा म्हणून मूळ अंकीय प्रतच ग्राह्य धरावी आणि तिच्यात कोणताही फेरफार करू नये.

जतन

मूळ प्रतीच्या तीन नकला ठेवाव्यात. त्यांतील किमान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक दुसऱ्या गावी, नातलगांकडे असावी. मोबाइलवरील संदेशसेवेतून पाठविलेले चित्रण आवळले जाऊन पुन्हा अंधूक होते. त्याऐवजी पेन ड्राइव्हचा उपयोग करावा. कॅसेट मात्र टाकून देऊ नये. ती पूर्ण गुंडाळून, उभी, कोरड्या जागी व ध्वनिक्षेपकापासून दूर ठेवावी.

एक काम मात्र कोणत्याही यंत्राला साधणारे नाही. चित्रणातील माणसे कोण, तांडा कोणता, गाणे कोणत्या प्रसंगाचे, हे केवळ वडीलधारी मंडळीच सांगू शकतात. रामनवमीच्या निमित्ताने नातलग एकत्र येतात, तेव्हा त्यांच्यासमवेत हे चित्रण पाहावे व नावे, गाव आणि साल वहीत टिपून घ्यावे. चित्र थोडे अंधूक राहिले तरी चालेल. सांगणारी माणसे आहेत तोवर ही नोंद झाली पाहिजे.