मुक्काम श्टुटगार्ट, मार्गे कणकवली

श्टुटगार्ट : जर्मन माणसाने भारतातल्या मित्राला घरी राहायला बोलवायचं ठरवलं आणि खर्चाची हमी स्वतः घ्यायची म्हटलं, की पहिली फेरी परदेशी नागरिकांच्या सरकारी कचेरीत होते. वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. सोबत ओळखपत्र, पगाराच्या अलीकडच्या पावत्या आणि 29 युरो शुल्क. समोर एक छापील हमीपत्र येतं. या पाहुण्याच्या राहण्या-जेवणाचा, आजारपणाचा आणि वेळ आलीच तर त्याला मायदेशी परत पाठवण्याचा सगळा खर्च मी सोसेन, असा त्यातला मजकूर. त्याखाली यजमानाची सही आणि कचेरीचा शिक्का. असाच एक कागद कुरियरने कणकवलीला पोचला आणि तिथल्या एका शाळामास्तरांचा युरोपचा पहिला प्रवास सुरू झाला.

ओळख झाली होती हंपीत. दिवाळीच्या सुट्टीत मास्तर पाठीवर सॅक टाकून एकटेच निघाले होते. तुंगभद्रेपलीकडे आनेगुंदीच्या बाजूला, भाताच्या खाचरांलगतच्या एका साध्या लॉजमध्ये शेजारच्या खोलीत श्टुटगार्टचं एक जोडपं उतरलं होतं. ती परिचारिका, तो सुतार. तिघांनी मिळून सायकली भाड्याने घेतल्या, डोंगर चढले, रात्री उशिरापर्यंत गप्पा मारल्या. पुढे होस्पेटहून मडगाव आणि मडगावहून कोकण रेल्वेने कणकवली असं करत ते दोघं मास्तरांच्या घरीच येऊन राहिले. मास्तरांच्या आईने घावणे घातले, सोलकढी केली. जर्मन सुतार पडवीत उताणा पडून छताचे वासे न्याहाळत राहिला. निघताना आईने ‘परत येवा हां’ म्हटलं, त्यावर त्या दोघांनी ‘आता तुम्ही यायचं’ असं उत्तर दिलं. कोकणात पाहुण्यांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक घराने हे उत्तर कधी ना कधी ऐकलेलं असतं. हसून मान हलवायची आणि विसरून जायचं, हीच आजवरची रीत. या जोडप्याने मात्र कागद पाठवला.

जर्मन माणूस इतका का भटकतो? पहिलं कारण रजा. 1963 पासून तिथे रजेचा कायदा आहे. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान 20 दिवस भरपगारी रजा मिळालीच पाहिजे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ती 28 ते 30 दिवस मिळते आणि ती घेतली म्हणून साहेबाच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत. महिनाभर भारतात फिरणारी परिचारिका श्रीमंत असतेच असं नाही, तिच्या हाती रजा असते.

दुसरं कारण जुनं आहे. जगभरच्या युवा वसतिगृहांची कल्पना एका जर्मन शाळामास्तराची. 1909 च्या ऑगस्टमध्ये रिचर्ड शिर्मान मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळाने गाठलं आणि सगळ्यांनी एका खेड्यातल्या शाळेत रात्र काढली. सुट्टीत शाळांच्या इमारती रिकाम्याच असतात, मग चालणाऱ्या मुलांना त्या का देऊ नयेत, हा विचार तिथून पुढे आला. 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं वसतिगृह उभं राहिलं.

सुताराचं भटकणं याहूनही जुन्या परंपरेतलं आहे. उमेदवारी संपवलेले काही जर्मन कारागीर आजही तीन वर्षं आणि एक दिवस घराबाहेर काढतात. या काळात आपल्या गावाच्या 50 किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. वय तिशीच्या आत हवं, लग्न झालेलं नको, डोक्यावर कर्ज नको, खिशात मोबाइल नको. काळी कॉर्डरॉयची विजार, रुंद काठाची टोपी आणि गाठोडं एवढ्या सामानावर गावोगाव काम मागायचं, मिळेल त्या घरी झोपायचं. हा सुतार तरुणपणी असाच फिरला होता. अनोळखी माणसाने दार उघडणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याने कणकवलीतल्या पडवीची परतफेड करायचं मनावर घेतलं, यात नवल नाही.

श्टुटगार्ट आणि आपली पश्चिम किनारपट्टी यांचं नातंही आजकालचं नाही. मल्याळमचं व्याकरण आणि कोश रचणारे हेर्मान गुंडर्ट 1814 साली याच शहरात जन्मले आणि केरळात थलश्शेरीला राहिले. त्यांचा नातू म्हणजे ‘सिद्धार्थ’ लिहिणारे हेर्मान हेस. श्टुटगार्टपासून जवळच असलेल्या काल्फ या गावी 1877 मध्ये त्यांचा जन्म झाला. 1922 मध्ये आलेली ती कादंबरी पुढे कित्येक तरुणांनी सॅकमध्ये घालून भारतात आणली. गुंडर्ट ज्या बासेल मिशनचे होते, त्याच मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. कोकणातल्या घराघरावर चढलेली मंगलोरी कौलं ती हीच. मिशनचं मुख्य ठाणं स्वित्झर्लंडमध्ये असलं, तरी त्याचे कितीतरी प्रचारक श्टुटगार्टच्या आसपासच्या व्युर्टेम्बेर्ग प्रांतातले होते. मास्तरांच्या घराचं छप्पर बघताना सुतार आपल्याच मुलखातली एक गोष्ट बघत होता.

हमीपत्र आलं तरी व्हिसा हातात पडतो असं नाही. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे. किमान 30 हजार युरोंचा प्रवासविमा लागतो आणि बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्र गाठावं लागतं, मुंबईचं गाठायचं तर कणकवलीकरांना रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस. नोकरीचा दाखला, रजेची मंजुरी, बँकेचे हिशेब, परतीचं आरक्षण हेही जोडायचं. 2024 मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे 11 लाख अर्ज गेले, त्यांतले 1 लाख 65 हजारांच्या घरात नाकारले गेले. नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. हेच जर्मन माणसाला भारतात यायचं असेल, तर तो घरबसल्या ई-व्हिसा काढतो. रस्त्यावरच्या मैत्रीत दोन्ही बाजू सारख्या वाटतात, पण व्हिसाच्या खिडकीपाशी त्या सारख्या राहत नाहीत. म्हणूनच यजमानाच्या त्या सहीचं मोल फार आहे.

आपल्याकडेही कागद आहेच, फक्त तो पाहुणा आल्यावर भरायचा. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की 24 तासांत ठरावीक फॉर्म भरून कळवावं लागतं, मग ते हॉटेल असो की राहतं घर. मास्तरांनी तो भरला होता. जर्मनीत थोड्या दिवसांसाठी कुणाच्या घरी राहायला आलेल्या पाहुण्याची अशी नोंद करावी लागत नाही. जे काही विचारायचं ते त्याने निघण्याआधीच विचारून झालेलं असतं.

मग प्रश्न पिशवीचा. कोकणातला माणूस रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जात नाही. युरोपीय संघाचे नियम इथे आडवे येतात. दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे आणि खव्याची मिठाई बाद. ताज्या फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, म्हणजे दाराशी पिकलेला हापूसही राहिला. फळमाशीच्या कारणावरून 2014 च्या मे महिन्यात युरोपने भारतीय आंबाच बंद केला होता, तो 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला. नारळाला मात्र दाखल्याची गरज नाही, आणि सुकी मासळी स्वतःपुरती 20 किलोपर्यंत चालते. मास्तरांच्या पिशवीत दोन सोललेले नारळ, आमसुलं, काजू, मालवणी मसाला आणि तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले सोडे गेले.

जर्मनी म्हणजे घड्याळाचा काटा, अशी आपली समजूत. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर उतरून पुढची रेल्वे धरताना ती पहिला धक्का खाते. 2024 मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त 62.5 टक्के वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशीर धरतच नाहीत. श्टुटगार्टचं मुख्य स्थानक 2010 पासून खणून जमिनीखाली नेण्याचं काम चालू आहे. खर्च 11 अब्ज युरोंवर गेला आणि उद्घाटनाच्या तारखा पुढेपुढे सरकत राहिल्या. पावसाळी वेळापत्रकावर वाढलेल्या कोकणी माणसाला याचा त्रास कमीच होतो. घरातली वेळ मात्र वेगळी. सातला जेवण म्हणजे सातला. उशीर होणार असेल तर आधी कळवायचं, तेही नक्की किती मिनिटं ते सांगून.

पोचल्या संध्याकाळी यजमानांनी पहिली वस्तू दिली ती घराची किल्ली. जर्मन इमारतीत मुख्य दार, तळघर आणि घर असं सगळं पुष्कळदा एकाच किल्लीने उघडतं. ती हरवली तर साऱ्या इमारतीची कुलपं बदलावी लागण्याची वेळ येते आणि खर्च हजारो युरोंत जातो. अशी किल्ली ते पाहुण्याच्या तळहातावर ठेवतात आणि ‘आम्ही दोघं कामावर असू, तू तुझा ये-जा’ म्हणून मोकळे होतात. दिवसभर कुणी सोबतीला नाही, ‘चहा घेतलास का’ म्हणून विचारायला कुणी नाही. कणकवलीतल्या घरात याला दुर्लक्ष म्हणतील. इथे त्याला विश्वास म्हणतात आणि तो खराच असतो.

किल्लीसोबत जबाबदारीही येते. श्टुटगार्ट ज्या श्वाबेन भागात आहे तिथे ‘केरवोखे’ची प्रथा आहे. इमारतीचा जिना, प्रवेशाची जागा आणि समोरचा पदपथ झाडण्याची पाळी आठवड्याने एकेका बिऱ्हाडाकडे येते. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी अडकवलेली असते. पाळी चुकवली तर शेजारी बोलून दाखवतात, आणि कित्येकदा ती भाडेकरारातच लिहिलेली असते. मास्तरांच्या मुक्कामात पाटी याच दारावर होती. शनिवारी सकाळी सुतार बादली घेऊन निघाला तसा मास्तरांनी झाडू उचलला. तिसऱ्या मजल्यावरच्या वृद्ध शेजारणीने दार उघडून पाहिलं, नाव-गाव विचारलं आणि संध्याकाळी केकचे दोन तुकडे आणून दिले.

जेवणाच्या टेबलावरचा नियम नव्या पाहुण्याने आधीच समजून घ्यावा. बऱ्याच घरांत गरम जेवण दुपारचं. रात्री पाव, चीज, काकडी, लोणच्यातल्या भाज्या असं थंड खाणं. कुणी आग्रह करत नाही. ‘आणखी घेणार का’ हे एकदाच विचारतात. कोकणी शिष्टाचाराने ‘नको’ म्हटलं की भांडं पुढे जातं, कारण समोरच्याच्या शब्दावर भरवसा ठेवणं हाच त्यांचा मान राखण्याचा प्रकार. भूक असेल तर ‘हो’ म्हणावं. श्वाबेनचं घरगुती जेवण म्हणजे व्हिनेगर घातलेली मसुरीसारखी डाळ आणि सोबत श्पेत्झले नावाच्या जाडसर शेवया. त्यावर मास्तरांनी सोडे आणि मालवणी मसाल्याचं सुकं करून वाढलं. यजमानांनी खिडक्या सताड उघडल्या, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि भाकरीऐवजी पावाने ताट निपटून काढलं.

रविवारी दुकानं बंद. रविवारच्या विश्रांतीला जर्मन राज्यघटनेचं संरक्षण आहे. आवाज करणारं यंत्र चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्या काच गोळा करायच्या कुंडीत टाकायच्या नाहीत. सगळं शहर चालायला बाहेर पडतं. श्टुटगार्टच्या उतारांवर शहरातच द्राक्षमळे आहेत आणि काही मळेवाल्यांच्या दारावर झाडू टांगलेला दिसतो. त्याचा अर्थ घर उघडं आहे. स्वतःच्या द्राक्षांची वाइन आणि साधं खाणं आपल्याच घरी विकायची मुभा त्यांना वर्षातून चार महिने असते, जास्तीत जास्त 40 जण बसतील एवढ्या जागेत, खानावळीच्या परवान्याशिवाय. 1997 मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या सिंधुदुर्गातल्या न्याहारी-निवासवाल्यांनी हा नियम जरूर अभ्यासावा. शेतकऱ्याने हंगामापुरतं चार पाहुण्यांना जेवू घालावं आणि कागदपत्रांनी त्याला जेरीस आणू नये, एवढी साधी सोय त्यात आहे.

या शहरात मराठी कानावर पडायला वेळ लागत नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यांत 2015 पासून भागीदारी आहे, आणि 2024 मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही झाला. गाड्यांच्या आणि यंत्रांच्या कंपन्यांत पुण्याकडची कितीतरी मंडळी आहेत. तरी कामावरच्या जर्मन सहकाऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडायला वर्षं गेली, असं त्यांच्यातले अनेक जण सांगतात. जर्मन माणूस कचेरी आणि घर वेगळं ठेवतो, ओळखीला मैत्री म्हणायला वेळ घेतो. प्रवासात जुळलेली माणसं ही पायरी कधीच चढून गेलेली असतात. मास्तरांना थोड्या मुक्कामात जे घर आतून दिसलं, ते इथे नोकरीला आलेल्या माणसाला सहज दिसत नाही.

कोकणातल्या घराघरांत परदेशी पाहुण्यांचे पत्ते वह्यांत पडून आहेत. ‘या आमच्याकडे’ हे त्यांचं वाक्य बहुतेकदा मनापासून आलेलं असतं, जर्मन माणूस तर तोंडदेखलं क्वचितच बोलतो. तेव्हा ‘बघू कधीतरी’ न म्हणता सरळ तारीख विचारावी आणि हमीपत्र द्याल का, हेही विचारावं. त्यात संकोच वाटायचं कारण नाही, त्यांच्याकडे ती नेहमीची पद्धत आहे. पासपोर्ट आधी काढून ठेवावा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तो द्यावाच लागतो. तीन वर्षांत दोनदा व्हिसा घेऊन नीट वापरलेल्या भारतीयांना पुढे दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा देण्याची तरतूद एप्रिल 2024 पासून आहे. पहिली फेरीच तेवढी अवघड आहे, ती करावी.