जुन्या मोटारीच्या इंजिनातील जोड : हेड आणि पिस्टन

आपल्या व्यापारी बांधवांच्या कित्येक घरी वाडवडिलांनी घेतलेली मोटार अद्याप जतन केलेली आढळते. दाण्याच्या व्यापारात आम्ही पोत्याच्या तोंडचा माल पाहून सौदा करीत नाही. नळी खुपसून मधला दाणा हातावर घेतो. इंजिनाच्या बाबतीत मात्र बहुतेक मंडळी वरचा रंग आणि पट्टीवरचा क्रमांक पाहून समाधान मानतात. आम्हीही तसेच केले व त्याची किंमत मोजली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या तीर्थरूपांची अँबॅसॅडर आम्ही एका गॅरेजात इंजिन उघडण्यास दिली होती. तेथे हेडला फेस मारून ते पातळ करण्यात आले, आणि मूळच्या खोलगट माथ्याच्या पिस्टनऐवजी सपाट माथ्याचे पिस्टन बसविले गेले. हेड ब्लॉकवर चपखल बसले, गाडी सुरू झाली, आम्ही बिल चुकते केले. पुढे आंबोलीचा घाट सहकुटुंब चढत असता इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले व अर्ध्या घाटात गाडी बंद पडली. हेड उतरविले तेव्हा गॅस्केट फुटलेले आणि एका पिस्टनच्या माथ्यास भोक पडलेले दिसले. मुलाबाळांसह घाटात काढलेली ती रात्र आम्ही विसरलो नाही.

बसते ते जुळतेच असे नव्हे, हा धडा आम्ही तेथे शिकलो.

अँबॅसॅडरला १९५९ पासून मिळालेले १४८९ सी.सी.चे इंजिन मूळचे इंग्लंडातील बीएमसी कंपनीच्या ‘बी’ मालिकेतील. मॉरिस ऑक्सफर्ड व एमजीए या गाड्यांतही त्याच घराण्यातील इंजिने होती, १७९८ सी.सी.ची एमजीबी १९६२ साली आली. चुलत भावंडांचे कपडे अंगात शिरतात, तशी यांची हेडे एकमेकांच्या ब्लॉकवर बसतात. परंतु एमजीबीचा बोअर ८०.२६ मिलिमीटर, तर १४८९चा ७३.०२५. सबब एमजीबीचे हेड लहान ब्लॉकवर चढविल्यास त्याचे मोठे व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कडेस अडण्याचा धोका असतो.

आता खुणा पाहू. एमजीबीच्या आरंभीच्या इंजिनांच्या क्रमांकाआधी ‘१८जी/यू/एच’ अशी अक्षरे असत. १८ म्हणजे १८०० सी.सी., ‘जी’ म्हणजे एमजी, ‘यू’ ही गिअरची तऱ्हा, आणि ‘एच’ म्हणजे उच्च दाब; ‘एल’ असल्यास नीच. उच्च दाबाचे प्रमाण एकास ८.८, नीच दाबाचे एकास ८. हा भेद पिस्टनच्या माथ्याच्या खोलीने साधलेला असे. मूळ मापाच्या पिस्टनच्या माथ्यावर चौकटच्या पानाच्या आकारात आकडा ठोकलेला असतो व तोच आकडा ब्लॉकवर त्याच्या बोअरपाशी असावा लागतो. बोअर वाढवून बसविलेल्या पिस्टनवर वाढीव माप लंबवर्तुळात असते.

जॅग्वारच्या १९४८ साली प्रसिद्धीस आलेल्या ‘एक्सके’ इंजिनाची रीत अधिक सोयीची. तेथे इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर व हेडच्या पुढच्या अंगास, असा दोन ठिकाणी ठोकलेला असतो. शेवटी ७, ८ किंवा ९ हा आकडा दाबाचे प्रमाण सांगतो. प्रमाण जितके अधिक, तितका पिस्टनचा माथा अधिक फुगीर.

तथापि क्रमांक कारखान्यातून काय निघाले तेवढेच सांगतो. आज आत काय आहे ते माप सांगते. १४८९ सी.सी. इंजिनाचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, त्यावरून एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३७२ सी.सी. निघते. दाबाचे प्रमाण एकास ७.२ हवे असेल तर पिस्टन वर आला असता माथ्यावर ६० सी.सी. जागा उरावी लागते, एकास ८.३ हवे असेल तर ५१. फरक अवघा ९ सी.सी.चा, चहाचे दोन चमचेसुद्धा भरत नाहीत! एवढ्याशा जागेवर इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते.

ही जागा मोजणे अवघड नाही. व्हॉल्व्ह व प्लग बसवून हेड उलटे, समपातळीत ठेवावे. कडेस ग्रीस लावून त्यावर भोक पाडलेली जाड काच बसवावी आणि आकडे असलेल्या काचनळीतून रॉकेल सोडावे. जितके मावले तितकी हेडची जागा. तीत पिस्टनची खोलगट जागा, पिस्टन वर आला असता ब्लॉकच्या कडेपर्यंत उरणारी जागा व गॅस्केटच्या जाडीची जागा मिळविली की हिशेब पुरा होतो. चारही कप्पे स्वतंत्र मोजावेत. एकावरून चारांचा निर्णय करू नये.

इंजिन उघडण्यास द्याल तेव्हा जुने पिस्टन परत मागून घ्यावेत, आणि हेडची जाडी व नव्या पिस्टनचे माप बिलावर लिहवून घ्यावे. गाडी विकण्याचा प्रसंग आल्यास जो भाग बदलला असेल तो बदलला आहे असे स्पष्ट सांगावे. वस्तू एकाच बाजूने पाहून निर्णय देऊ नये, ही शिकवण आपणांस नवी नाही. रंग, क्रमांक, खुणा व माप या चारही बाजू एकमेकींस साक्ष देतील तेव्हाच जोड खरी समजावी. कोणा बांधवाची घाटातली एक रात्र एवढ्याने टळली, तरी आमचे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही मानू.